दादाची जीप सांगलीला नेताना

साताऱ्याहून सांगलीला जाऊन येण्याला कुणी प्रवास म्हणत नाही. सकाळची बस धरली की कराडला चहा होतो आणि ऊन तापायच्या आत माणूस सांगलीच्या स्टँडवर उतरलेला असतो. हिशेबतपासणीच्या नोकरीच्या निमित्ताने मी हा रस्ता इतक्यांदा केला आहे की खिडकीबाहेर बघणेच सोडून दिले होते. गेल्या वैशाखात मात्र तो जीपने केला. लग्नात आम्हाला उशिरा पोचलेले पुष्कळांनी पाहिले आणि पुष्कळांनी नावे ठेवली. त्यांच्याशी वाद घालायचा नाही, पण उशीर का झाला ते एकदा नीट लिहिलेले असावे असे वाटले. वहिनींना विचारूनच लिहितो आहे.

गाव

जीप माझ्या थोरल्या भावाची. आम्ही त्याला दादा म्हणत असू. तो फौजेत गाड्या दुरुस्त करायचा. पेन्शनीवर आल्यावर त्याने लष्कराच्या लिलावातली एक जुनी पेट्रोल जीप घेतली. घरात कुणाला ती नको होती. लिटरला सात किलोमीटर, हे मी स्वतः मोजून पाहिले होते, आणि तो आकडा जेवताना बोलून दाखवला म्हणून दादा पुढे कितीतरी दिवस माझ्याशी हूं आणि हां एवढेच बोलत होता.

त्याची मुलगी सुप्रिया लहान असताना त्याने तिला एक शब्द दिला होता. "तुझ्या लग्नात मांडवातनं सासरच्या दारापर्यंत मीच सोडणार. फुलं चिकटवलेली भाड्याची गाडी न्हाई." पोरगी मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली, तरी बापलेकीतला तो करार कायम होता. थट्टा म्हणून का होईना, दर दसऱ्याला जीप पुजताना त्याची उजळणी व्हायची.

गेल्या वर्षी उसाची तोड चालू असताना दादा फडातच कोसळला आणि गेला. सुप्रियाचे लग्न आधीच ठरले होते. ते पुढे ढकलून वैशाखात धरले. स्थळ सांगलीचे, हळदीच्या व्यापारातले. मुलाकडच्यांनी कसलीही अट घातली नाही. वहिनींनीही आमच्याकडे एकच गोष्ट मागितली.

"भावजी, जीप न्यायची. बाकी तुमी कराल ते."

दादा गेल्यापासून जीप शेडात उभी होती. मी ती साताऱ्याच्या गॅरेजात नेऊन प्लग, ऑइल, बॅटरी, ब्रेक सगळे बघून घेतले, टाकी काठोकाठ भरली आणि गावी आणून ठेवली. माझ्या हिशेबाने सांगलीला जाऊन परत कराडपर्यंत यायला पेट्रोल पुरत होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी सांगलीहून उष्टी हळद आली. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, हा रिवाज आमच्याकडेही आहे, पण आमच्याकडे ती एखाद्या वाटीत येते. या मंडळींनी पितळेचे पातेले भरून पाठवली. घरचीच हळद. रंग असा की बघत राहावे. पाच सवाष्णींनी सुप्रियाला लावली, मग अंगणात एकमेकींना फासाफासी झाली. वहिनी माजघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना कुणी उठ म्हणाले नाही, कुणी बस असेही म्हणाले नाही. आमच्या थोरल्या काकू, ज्यांना वहिनी आत्ती म्हणतात आणि ज्यांचा शब्द भावकीत चालतो, त्या फक्त एकदा दाराशी येऊन बघून गेल्या. सुप्रिया दोनदा "आई कुठंय?" म्हणाली आणि दोन्ही वेळा कुणीतरी दुसराच विषय काढला.

संध्याकाळी वहिनी शेडाकडून येताना दिसल्या. हात पदराखाली होते. जीपला नमस्कार करून आल्या असतील असे मला वाटले.

उंब्रज ते कराड

वऱ्हाडाची बस पुढे जायची होती. माझी बायको सुप्रियाबरोबर बसमध्ये. कन्यादानाला आम्ही दोघे बसणार होतो, म्हणून मला वेळेत पोचणे भागच होते. जीपची चाल ठाऊक असल्याने मी बसच्या कितीतरी आधी निघालो. मागच्या बाजूला आहेराचे टॉवेल, टोप्या आणि उपरणी यांचे गठ्ठे. वहिनी शेजारच्या सीटवर, मांडीवर दशम्यांचा डबा. मी दादाच्या सीटवर. या जीपची टाकी चालकाच्या सीटखाली असते. गादी उचलली की खाली झाकण. दादा म्हणायचा, "पेट्रोलवर बसून चालवायची गाडी हाय ही, ढिल्या माणसाचं काम न्हाई."

हवा गार होती तोवर जीप छान पळाली. उजवीकडे डोंगर, डावीकडे कापणी झालेली रिकामी रानं, मधूनच एखादी ज्वारीच्या कडब्याची गंजी. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हाच्या गोष्टी सांगत होत्या. दादा सुट्टीवर आला की स्टोव्ह, पंप, शिवणयंत्र, जे दिसेल ते उघडून बसायचा. "मी म्हनायचे, मला तेवढी उघडू नका."

उंब्रजच्या पुढे इंजिनाने आचके दिले. वेग कमी केला, सावरली. पुन्हा आचके, आणि मग घसरत घसरत बंद. मी बॉनेट उघडले. ऊन चढले होते. दादाने मला एवढे शिकवले होते की उन्हाळ्यात पेट्रोलची नळी तापते, आतल्या आत वाफ धरते आणि पेट्रोल पुढे जात नाही. एक टॉवेल भिजवून नळीवर गुंडाळला. थोडा दम खाल्ल्यावर जीप सुरू झाली. मला मनातून बरे वाटले. दादाला सांगायला हवे, असे अगदी तोंडाशी आले होते.

बॉनेट अजून उघडे, नळीवर टॉवेल, तेवढ्यात वऱ्हाडाची बस मागून आली. खिडक्यांतून हात बाहेर आले.

"आण्णा, धक्का द्यायला पोरं उतरवू का?"

"जीपला पदर कशाला घेतलाय? नवरी हाय व्हय?"

बस हसत पुढे गेली. कराड यायच्या आत जीप आणखी दोनदा बंद पडली. दरवेळी काही वेळ थांबले की सुरू व्हायची. हेच मला खटकत होते. वाफ असती तर ओल्या टॉवेलने फरक पडायला हवा होता.

कराडला नाक्यावर एक मिस्त्री सापडला. जीप बघून त्याचा चेहरा खुलला.

"आवं काका, ह्या गाडीला मिस्त्री न्हाई, डॉक्टर लागतोय." त्याने कार्बोरेटर सोडवला. जे कुणी या भानगडीत कधी पडलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा ठरल्या प्रमाणात मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्याच्या पोटात एक वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठते, आणि सुईच्या भोकाएवढ्या पितळी जेटमधून ते वर ओढले जाते. ते भोक बुजले की इंजिन उपाशी.

मिस्त्रीने वाटी काढून ट्रेमध्ये उपडी केली. तळाशी पिवळट गाळ होता.

"हे बघा. नवं पेट्रोल. ह्यात इथेनॉल असतंय. जुन्या गाडीचं रबर खातंय, टाकीचा गंज सोडवतंय आन् सगळं हितं आणून टाकतंय."

"इथेनाल कशाचं करत्यात?" वहिनींनी विचारले.

"उसाचं, मावशी. कारखान्यात."

"मंजी आमच्याच उसाचं?"

"तुमच्याच म्हणा की. ऊस घालायचा, बिल घ्यायचं, आन् मग तुमच्याच गाडीला ते बाधतंय."

मिस्त्री आपल्या बोलण्यावर खूश होऊन हसला. मलाही त्याचे म्हणणे पटले. कारण सयुक्तिक होते, वर्तमानपत्रात मी तसेच वाचलेही होते. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या ट्रेमधल्या गाळाकडे बघत राहिल्या, मग पदर सावरून जीपमध्ये जाऊन बसल्या. मिस्त्रीने रबरी नळी बदलली, जेटमधून हवेचा झोत मारला, वाटी पुसून बसवली. इंजिन एका दमात सुरू झाले. आम्ही उभ्या उभ्या एकेक दशमी खाल्ली. वहिनींनी अर्धी परत डब्यात ठेवली.

पेठ नाक्याच्या पुढे

पेठ नाक्याला हमरस्ता सोडून सांगलीच्या रस्त्याला लागले की मुलूख बदलतो. आमच्याकडे रानाला डोंगराचा वेढा, विहिरीला पाणी असेल तेवढाच ऊस. इकडे जमीन काळी आणि सपाट, पाणी बारमाही, आणि दोन्ही बाजूंना ऊस इतका दाट की रस्ता बोळासारखा वाटतो. घरेसुद्धा उसात बुडालेली. दादाला या रानाचा हेवा वाटायचा. सुप्रियाला इकडचे स्थळ आले तेव्हा तो मुलाच्या आधी जमीन बघून आला होता.

इस्लामपूर ओलांडले आणि पुन्हा तेच आचके. या वेळी मी तोंडातून एक शिवी काढली आणि मग वहिनी शेजारी आहेत हे आठवून गप्प झालो. जीप रस्त्याकडेला उसाच्या सावलीत लागली.

मुहूर्त जवळ येत चालला होता. तेवढ्यात चुलतभावाची, बाळासाहेबाची मोटार आली. तो उशिरा निघालेला, तरी त्याने आम्हाला गाठले होते. मोटार माणसांनी भरलेली, पण त्याने दोन मुलांना मांडीवर घ्यायला लावून जागा केली.

"आण्णा, ह्या डब्याला ढकला उसात आन् बसा गाडीत. मुहूर्त टळंल."

त्याचे बरोबर होते. ओढून न्यायला दोर कुणाकडेच नव्हता. मी वहिनींकडे पाहिले.

"तुमी जावा," त्या म्हणाल्या. "मी हितंच बसते."

"वहिनी, आवं पोरगी मांडवात वाट बघतीया," बाळासाहेब म्हणाला.

"पोरीला सांगा, आई पप्पांना घिऊन येतीया."

मी बाळासाहेबाला बाजूला घेऊन सांगितले की माझी वाट बघू नका, वेळ झाली तर तू आणि तुझी बायको कन्यादानाला बसा. कन्यादानासाठी घेतलेले कोरे उपरणे पिशवीतून काढून त्याच्या हातात दिले. दादाच्या जागी बसायचे म्हणून मी सकाळपासून उपास धरला होता आणि कराडला दशमी खाऊन तो मोडलाही होता, हे त्या क्षणी आठवले.

मोटार गेली. काही वेळाने जीप आपोआप शहाण्यासारखी सुरू झाली. आम्ही पुढे निघालो.

आष्ट्याच्या अलीकडे

पुढे एक ट्रक चालला होता, हळदीच्या पोत्यांनी भरलेला. वाळलेल्या हळदीचा कडवट, मातकट वास सगळ्या रस्त्यावर पसरला होता. सांगली जवळ आल्याची ती खूण. मी वहिनींना म्हणालोही, "व्याह्यांकडचा माल चाललाय बघा." त्या हूं म्हणाल्या.

ट्रक पुढे निघून दिसेनासा झाला. वास मात्र राहिला. आणि जीप पुन्हा बंद पडली, ती आता थांबूनही सुरू होईना.

दादाची पान्यांची पिशवी सीटमागे होती. कराडच्या मिस्त्रीने जसे सोडवले तसे मी कार्बोरेटरचे स्क्रू सोडवले. घाईत एक स्क्रू गवतात पडला आणि तो शोधण्यात वेळ गेला. वाटी निघाली. कराडला पुसून स्वच्छ बसवलेल्या वाटीत पुन्हा गाळ होता, आणि तो गंजाच्या रंगाचा नव्हता. मी बोट बुडवले. चिखलासारखे मऊ. बोट नाकाशी नेले. पेट्रोलच्या मागून दुसरा वास आला. ट्रक तर कधीच गेला होता.

मी वळून पाहिले. वहिनी खाली उतरून माझ्या मागेच उभ्या होत्या.

"हळदच हाय ती," त्या म्हणाल्या.

जीपमध्ये हळद कशी जाईल, एवढेच मी विचारले असेन.

"मीच घातली. काल." त्या उसाच्या पाल्याकडे बघत बोलत होत्या. "पोरीला समद्यांनी हळद लावली. चुलत्यांनी, मामांनी, शेजाऱ्यांनी. मला हात लावायचा नव्हता, त्याचं मला काय न्हाई, रीत हाय. पर ह्यांची राहिली. पोरीच्या हळदीत बाच न्हाई, असं कसं? म्हनून पातेल्यात उरल्याली घिऊन गेले."

"मग वरून लावायची वहिनी. बॉनेटला, चाकाला. दसऱ्याला लावतोच की आपण."

"वर लावली असती तर दिसली असती." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "कुनी लावली म्हनून इच्चारलं असतं. आत्तींनी बघितलं असतं. म्हनून त्यांच्या गादीखाली, आत घातली. पाच येळा. आत कोन बघनार हुतं?"

मग त्या म्हणाल्या, "कराडला त्या मिस्त्रीच्या ताटात बघितली तवाच वळखली. बोलायला तोंड झालं न्हाई, भावजी."

मी आयुष्यभर चुका शोधायचे काम केले आहे. खात्यात फरक आला की तो कुठून आला हे सापडल्यावर जरा समाधान वाटते. इथे फरक सापडला होता, आणि मला वाटीतला तो पिवळा चिखल पुसायला हात उचलवेना.

उसाच्या आतून एक वयस्क शेतकरी बाहेर आले. त्यांची वस्ती जवळच होती. सगळा सरंजाम बघून कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"लगनाला निघालाय आन् पेट्रोल सांडताय व्हय हितं?"

"टाकी गाळायची आहे. दोन बादल्या मिळतील का?"

"मिळत्याल की. दुधाच्या हायत, पर आज म्हशीनं लाथच मारलीया, रिकाम्याच हायत." बिडी पेटवायला त्यांनी काडी काढली आणि माझा चेहरा बघून परत खिशात ठेवली. "बरं, नगं. तुमी आन् मी दोघं बी वरातीत जाऊ."

टाकीखालचा बूच सोडून पेट्रोल एका बादलीत घेतले. गाळायला कापड हवे होते. मी माझा रुमाल काढला, तर वहिनींनी आहेराचा गठ्ठा सोडला आणि एक कोरा पांढरा टॉवेल काढून बादलीवर धरला. मी ओतत गेलो, त्या टॉवेल धरून पिळत गेल्या. पांढरा टॉवेल बघता बघता पिवळा झाला. दुसरा घेतला, तोही झाला. पेट्रोलच हळदीचा रंग घेऊन उतरत होते. मनगटापर्यंत त्यांचे हात माखले.

"बाई, हातमोजं घातल्यावानी दिसतंय," शेतकरी म्हणाले, आणि मग काय समजले कुणास ठाऊक, लिंबाचे सरबत आणतो म्हणून वस्तीकडे गेले.

मी वायरमधली तांब्याची एक तार काढून जेटच्या भोकात घालून बघितली, नळी तोंडाने फुंकून मोकळी केली. शेवटी टॉर्च लावून टाकीत डोकावलो. तळाच्या एका कोपऱ्यात पिवळा थर राहिला होता. आणखी एकदा पेट्रोल घालून खळबळले असते तर निघाला असता. मी बादली उचलली.

"भावजी, येवढी राहू द्या."

"पुन्हा अडेल वहिनी."

"अडू द्या. सगळी काढू नका."

मी बूच लावला आणि गाळलेले पेट्रोल परत टाकीत ओतले.

सरबत प्यायला थांबलो नाही. शेतकऱ्यांनी पेला हातात धरून रस्त्यापर्यंत येऊन वहिनींना दिलाच. बादल्यांचे काय, म्हशीला आता पेट्रोलचे दूध येईल, असे म्हणून पैसे घ्यायला नाही म्हणाले. निघण्याआधी वहिनींनी त्यांच्या पाइपाखाली साबणाने हात धुतले. वास बराच गेला. रंग गेला नाही.

सांगली

आष्टा, तुंग, दिग्रज ही गावे मी पाहिली नाहीत, फक्त त्यांतून गेलो. जीप एकदाही अडली नाही. सांगलीत शिरताना बाजाराच्या बाजूने पुन्हा तो हळदीचा वास आला. आता तो कुठून येतो आहे असे मी विचारले नाही.

अक्षता केव्हाच पडल्या होत्या. जेवणे उरकत आली होती. आमच्याकडे मुलीकडची माणसे शेवटच्या पंगतीला बसतात. इथे दोन्हीकडची एकाच पंगतीत बसलेली दिसली. एरवी मी त्याबद्दल व्याह्यांचे कौतुक केले असते. कार्यालयाच्या अंगणात पाठवणीची तयारी चालली होती. गुलाब आणि शेवंतीने मढवलेली मोटार उभी होती. सुप्रिया हिरव्या शालूत, मुंडावळ्या बांधलेली, मोटारीच्या दाराशी. बाळासाहेबाच्या खांद्यावर ते कोरे उपरणे होते. मला बघून त्याने नजर खाली घेतली. बायको जवळ आली आणि एवढेच म्हणाली, "झालं नीट. काळजी करू नका."

कन्यादान दुसऱ्या कुणी केले म्हणून मला वाईट वाटलेले नाही, असे मी स्वतःला सांगून पाहिले.

जीपचा आवाज सुप्रियाने लांबूनच ओळखला होता. ती आमच्याकडे आली. वहिनी उतरल्या आणि दोन पावलांवर थबकल्या. हात पदराखाली घेतले. थोरल्या काकू बायकांच्या पुढेच होत्या.

"येवढा उशीर! आन् हात कशाला झाकतीस गं?"

वहिनींनी हात बाहेर काढले. दुपारच्या उन्हात ते मनगटापर्यंत पिवळेधमक दिसत होते. ग्रीस म्हणाल्या असत्या, औषध म्हणाल्या असत्या, तरी चालून गेले असते. मी तसेच काहीतरी बोलणार होतो.

"हळद हाय, आत्ती," वहिनी म्हणाल्या. "पोरीच्या बाची राहिली हुती, ती."

आणि त्यांनी दोन्ही हात सुप्रियाच्या गालांवर ठेवले.

मुलाची आई, आमच्या विहीणबाई, पुढे झाल्या. हळदीच्या घरातली बाई, रंग त्यांना सांगायला नको. त्यांनी वहिनींचे हात बघितले, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "जीप आलीच हाय तर पोरीला जीपमधनंच येऊ द्या." दादाचा शब्द त्यांच्या कानावर कसा गेला होता ते मला आजही माहीत नाही.

सुप्रिया माझ्या शेजारी बसली. मागे वहिनी. नवरदेव फुलांच्या मोटारीत एकटाच, जरा गोंधळलेला. कुणीतरी चाकाखाली लिंबू ठेवले. मी स्टार्टर मारला, जीप सुरू झाली, मांडवाच्या खांबांपासून हलली, अंगण ओलांडले. बायकांचे रडणे मागे पडले. जीप कार्यालयाच्या फाटकात पोचली, दोन आचके दिले, आणि बंद पडली.

मी पुन्हा स्टार्टर मारला. पुन्हा मारला. मागे मोटारी खोळंबल्या होत्या, कुणीतरी हॉर्न वाजवला. मी बॉनेट उघडायला उतरणार, तेवढ्यात सुप्रियाने माझ्या हातावर हात ठेवला. तिच्या गालांवर आईच्या बोटांचे पिवळे ठसे होते आणि पेट्रोलचा वास येत होता.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "बाप फाटकापर्यंतच येतो."

ती उतरली. आईच्या पाया पडली, मग जीपच्या स्टिअरिंगला हात लावून तो हात कपाळाला लावला, आणि चालत जाऊन फुलांच्या मोटारीत बसली. आम्ही जीप ढकलून बाजूला घेतली. मोटार फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागली. वहिनी ती दिसेनाशी होईपर्यंत रडल्या नाहीत.

परत

दुसऱ्या दिवशी वाटी साफ करून आम्ही निघालो. मुक्कामाच्या घरी भडंग बांधून दिले होते, ते वाटेत खाल्ले. वहिनी मागे बसायला तयार होत्या, मीच म्हणालो की पुढे बसा. जीप तीन वेळा अडली. तिन्ही वेळा मी उतरून वाटी काढली, पुसली, लावली. वहिनी शेजारी उभ्या राहून स्क्रू हातात धरायच्या, म्हणजे गवतात पडायला नकोत. त्या शेतकऱ्यांची वस्ती आली तेव्हा मी हॉर्न दिला, पण उसातून कुणी बाहेर आले नाही.

जीप आता पुन्हा शेडात आहे. विकण्याचे मी एकदाही काढलेले नाही. सुट्टीच्या दिवशी गावी गेलो की ती बाहेर काढून वेशीपर्यंत नेतो आणि परत आणतो. कधी सरळ जाते, कधी मध्येच बसते. मग वाटी उघडतो, तळाशी थोडेसे पिवळे असते, पुसतो. ज्या कापडाने पुसतो ते वहिनी मागून घेतात. पहिल्यापेक्षा आता फारच कमी येते. साताऱ्याचा मिस्त्री म्हणतो, टाकी एकदा नीट धुवून घेतली तर गाडी पुन्हा कधी अडायची नाही.

मी त्याला बघू म्हणून सांगितले आहे.